बाबांच्या कपाळावरची बॅटरी

कपाळावर दिवा लावून खेकडे पकडायचे, असं माझ्या वडिलांनी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी ठरवलं. घरात कोणीच हरकत घेतली नाही, कारण असा दिवा दुकानात विकत मिळत असेल असा आमचा समज होता.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली. मुलुंड पूर्वेला एका तीनमजली बिल्डिंगमध्ये बाबा, आई आणि मी असे आम्ही तिघे राहत होतो. बाबा भांडुपला रंगाच्या कारखान्यात होते. त्यांच्या नखांवरून त्या आठवड्यात कारखान्यात कुठला रंग चाललाय ते कळायचं. मी अंधेरीला एका कंपनीत बिलं तपासत असे. लग्न झालेलं नव्हतं, चष्मा मात्र झाला होता. (शाळेत मला 'बॅटरी' म्हणत. या प्रकरणात तिचा काही उपयोग झाला नाही.)

आता खेकडेच का, ते सांगायला हवं. मुंबईतला कोकणी चाकरमानी गावी वर्षातून दोनदा जातो, मे महिन्यात आणि गणपतीला. मे महिन्यात आंबे-फणस मिळतात, गणपतीत मोदक मिळतात. पण या दोहोंच्या मधे जून येतो, आणि खेकडे, म्हणजे आमच्या कुर्ल्या, व्हाळातून (गावच्या ओढ्यातून) बाहेर पडतात ते नेमके जूनमध्ये. मे महिन्यात गावच्या व्हाळात पाण्याचा थेंब नसतो, नुसते गोटे. गणपतीत पाणी असतं, पण घरात गणपती बसलेले असताना कुर्लीचं नाव काढलं तरी गावची काकी डोळे वटारायची. त्यामुळे नोकरीला लागल्यापासून बाबांना गावच्या कुर्लीचं दर्शन झालेलं नव्हतं. दर जूनमध्ये ते खिडकीशी बसून समोरच्या गटाराचं वाढतं पाणी बघत राहायचे आणि आईला सांगायचे, "आता व्हाळाक पाणी इला असात गो." आई म्हणायची, "इला असात तर येवंदे. तुमी कामार जावा." बाबा डबा उचलून भांडुपला जायचे.

तर आता निवृत्ती पुढच्या वर्षावर आली होती. म्हणजे पुढचा जून बाबांच्या मालकीचा होता.

दिव्याची कल्पना तळमजल्यावरच्या पेठ्यांमुळे निघाली. पेठे बँकेत अधिकारी होते. ते दर रविवारी डोंगर चढायला जात आणि सोमवार ते शनिवार त्याविषयी सांगत. रद्दीवाल्याकडून ते परदेशी मासिकं आणायचे. त्यातल्या एका मासिकात बर्फाच्या कड्याला लोंबकळणाऱ्या एका गोऱ्याचा फोटो होता. बाबा टेलिफोनचा निरोप विचारायला गेले होते, ते त्या फोटोपाशी अडकले.

"ह्या कपाळाक काय लावल्यान?"

"हेडलॅम्प," पेठे म्हणाले. "सेलवर चालतो. वजनाला अगदी हलका. पट्टा आवळला की झालं. मुख्य फायदा काय, दोन्ही हात मोकळे."

"दोनय?"

"दोन्ही."

बाबांनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. त्या आठवड्यात ते हिरवे होते.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बाबा वाटच बघत होते. "सुध्या, माका कपाळाक लावची बॅटरी व्हयी. हलकी बघ." बाबा स्वतःसाठी काही मागत नसत. नवीन चप्पलसुद्धा आई जुनी टाकून द्यायची तेव्हाच घेतली जायची. त्यामुळे मला फार बरं वाटलं, आणि "त्यात काय बाबा, आणतो की," असं मी पायातले बूट न काढताच बोलून गेलो.

पेठ्यांनी मला खाली बोलावून अर्धा तास मार्गदर्शन केलं. दिवा कसा निवडावा, यावर त्यांचा अभ्यास दांडगा होता. दिवा त्यांच्याकडेही नव्हता. वजन कमी हवं, नाहीतर मान धरते. पाणी आत जाता कामा नये. झोत फार बारीक नको आणि फार पसरटही नको. आणि सेल असे हवेत की जे गावच्या वाण्याकडे मिळतील. हे सगळं मी मान डोलावत ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन म्हणालो, "डोक्याला लावायची बॅटरी आहे का?"

दुकानदाराने माझ्या डोक्याकडे नीट निरखून बघितलं. "काय त्रास होतो?" त्याने सहानुभूतीने विचारलं.

घाटकोपर झालं, दादर झालं. सगळीकडे तीन सेलची हातातली बॅटरी काढून दाखवत आणि "ही बांधा डोक्याला" असं सांगत. शेवटी ऑफिसातल्या एकाने कुर्ल्याच्या भंगार बाजाराचा पत्ता दिला. म्हणजे कुर्ल्या पकडण्यासाठी मी कुर्ल्याला गेलो.

तिथल्या दुकानदाराने मी काय म्हणतोय ते चटकन ओळखलं, आणि ढिगाखालून खाणकामगाराचा दिवा ओढून काढला. टोपीला लावायचा दिवा, त्याला जाडजूड वायर आणि वायरच्या टोकाला कमरेला बांधायचा एक काळा ठोकळा. तो मी उचलायला गेलो तर आधी माझा खांदा खाली आला.

"हलका नहीं है?" मी विचारलं.

त्याचा चेहराच पडला. "हलका माल अपुन रखताच नहीं, सेठ. ये एकदम भारी आयटम है."

आता या बाबतीत तो माणूस शंभर टक्के खरं बोलत होता. चूक आपल्या भाषेची. हलकं म्हणजे वाईट आणि भारी म्हणजे उत्तम, असं आपणच ठरवून ठेवलंय. चार लोकांसमोर 'मला हलकाच माल हवा' असं पुन्हा म्हणायची मला लाज वाटली आणि मी तो भारी आयटम घरी घेऊन आलो.

बाबांनी हौसेने ठोकळा कमरेला बांधला, दिवा कपाळावर चढवला आणि खोलीच्या मधोमध कुर्ली पकडायला बसतात तसे उकिडवे बसले. बसले ते बसलेच.

"बाबा, उठा आता."

"उठतंय रे. जरा हात दी."

मी एका बाजूने आणि आईने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना सोफा-कम-बेडवर बसवलं. तिथे ठोकळा कलंडला आणि त्यातलं ॲसिड नव्या कोऱ्या रेक्झिनवर सांडलं. रेक्झिनमधून धूर निघताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. आई भोकाकडे बघून म्हणाली, "व्हाळात ह्या घेवन गेलास तर कुर्ल्यो शिजानच भायर येतले." भारी आयटम माळ्यावर गेला.

मग ताईचे मिस्टर मदतीला आले. भावोजी एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते आणि कुठल्याही अडचणीवर त्यांच्या दवाखान्यात काहीतरी असायचंच. ते रविवारी डॉक्टरांचा जुना कपाळपट्टा घेऊन आले. पट्टा मऊ, वजन जवळजवळ नाहीच, आणि पुढे गोल चकचकीत चकती. बाबांनी तो लावला. खरंच रुबाबदार दिसत होते. त्यांनी "आ करा" म्हणायच्या आधीच आईने तोंड उघडून दाखवलं.

"बल्ब खय आसा?" बाबांनी चकती चाचपत विचारलं.

"बल्ब यात नसतो. हा आरसा आहे," भावोजी म्हणाले. "दिवा पेशंटच्या कानामागे ठेवायचा. त्याचा उजेड यावर पडतो आणि मग पेशंटच्या घशात जातो."

"म्हंजे दिवो कुर्लीच्या कानामागे ठेवचो?"

भावोजींनी थोडा विचार केला आणि चहा झाल्यावर पट्टा परत घेऊन गेले.

खरी वाट लागली ती टेलिफोनमुळे. माझा मावसभाऊ सुहास मस्कतला नोकरीला होता. महिन्यातून एकदा पेठ्यांकडे त्याचा फोन यायचा आणि आम्ही सगळे जिन्यावरून धावत खाली जायचो. परदेशी मासिकातली वस्तू परदेशातच मिळणार, हे मला त्या महिन्यात सुचलं. फोनमध्ये समुद्राची गाज ऐकू येत होती आणि तिच्यातून अधूनमधून सुहास.

"सुहास, बाबांना हेडलॅम्प हवाय!"

"काय? हेडलाईट?"

"हो, तेच! लॅम्प! हलका पाहिजे, हलका!"

"काकांना? अरे वा! कधी घेतली?"

"काय कधी घेतली?" मी ओरडलो, तोवर फोन कटला. काम झालं म्हणून मी खूश होतो.

सुहास पंधरा दिवसांनी रजेवर आला. आमच्याकडे एक दिवस राहून पुढे गावी जाणार होता. त्याने टॉवेलात गुंडाळलेलं मोठं खोकं टेबलावर ठेवलं आणि बाबांना वाकून नमस्कार केला. आत काचेचा, परातीएवढा, अस्सल जपानी दिवा होता. मोटारगाडीचा.

"छोट्या गाडीचा आणलाय," सुहास म्हणाला. "मोठ्या गाडीचे फार वजनदार होते, आणि तू सारखा हलका हलका म्हणत होतास. पण एकच कसा फुटला? आणि काकांनू, गाडी खय ठेवलास?"

आम्ही त्याला सगळं समजावून सांगितलं. तो पोट धरून हसला. बाबाही हसले. एक गोष्ट मात्र सुहासने त्या हसण्याच्या भरात सांगायची राहून गेली. मस्कतहून निघण्याआधीच त्याने गावातल्या दोघातिघांना बाबांनी गाडी घेतल्याची बातमी पत्राने देऊन टाकली होती, आणि ती त्याच्या आधी गावी पोचली होती. मग त्याने तिथे कितीही खरं सांगितलं तरी कोणाला पटलं नाही.

गणपतीला आम्ही नेहमीप्रमाणे एसटीने गेलो. पाणंदीतून बॅगा घेऊन चालत घरापाशी आलो तर घर ओळखू येईना. पुढचा गडगा, म्हणजे चिऱ्यांची आजोबांच्या वेळची कुंपणभिंत, अर्धी गायब होती. तिथून अंगणापर्यंत माती टाकून रस्ता केला होता, वर शेण सारवून रांगोळी काढली होती. काकी आमच्या मागे लांबवर बघत उभी होती. ही काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, भाईकाकांची बायको. भाईकाका जाऊन काही वर्षं झाली होती आणि घरात ती एकटीच असायची.

"भावजी, गाडी खय?" तिने विचारलं.

बाबांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"म्हटलंय, तुमी गाडयेन येतलास, तर गाडी भायर पावसात कित्याक रवात," काकी म्हणाली. "चार जणांक बोलावन गडगो काढून घेतलंय. हे असते तर त्येंनीच काढल्यानी असतो." आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

त्या वर्षी गणपतीचे पाच दिवस बाबांनी आरती सोडून दुसरं काही केलं असेल तर तो गडगा पुन्हा रचला. मी चिरे देत होतो, ते लावत होते. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "गाडी इकलास?" बाबा चिऱ्याकडे बघूनच "हो" म्हणायचे. खोटं सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

मुंबईला परत आल्यावर मी आईपाशी वैतागलो. बाबा कामावर गेले होते, आई पावसात दमट झालेले पोह्याचे पापड उन्हात घालत होती. मी म्हणालो, "एवढं काय अडलंय त्या दिव्यावाचून? साधी बॅटरी तोंडात धरायची आणि पकडायचे खेकडे. दोन्ही हात मोकळे, दोन्ही हात मोकळे, नुसता ध्यास घेतलाय."

आईने पापड उलटायचा थांबवला. "अरे, त्येंका हाताची अडचण नाय," ती म्हणाली. "पोरवयापासून कुर्ल्येंक दोघे भाव जायत. भाई उजेड धरी, नि हे हात घालीत. कोणी काय करूचा ता ठरलेला. आता उजेड धरणारो रवलो नाय. म्हणान हो कपाळाक दिवो."

मी एक पापड उगाचच सरळ केला.

"मग मला का नाही सांगितलं? मी धरला असता."

"तुका रजा खय गावता? नि तू बेडूक बघलस की खाटेर चढतंस." आईने पुढचा पापड उलटला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आता त्याला इतकी वर्षं झाली. आज डोंगरात जाण्याचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात हे कपाळावरचे दिवे द्राक्षांसारखे घोसाने टांगलेले असतात. मी उगाचच आत जातो, एखादा तळहातावर घेऊन बघतो. चिमणीच्या पिल्लाएवढं वजन. विक्रेता विचारतो, "सर, कुठला ट्रेक?" आणि मला तिथेच, त्या गार दुकानात, बाबांची इतकी आठवण येते की मी घाईघाईने पायमोजे विकत घेऊन बाहेर पडतो. घरात पायमोजे बरेच झाले आहेत.

पण तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आईचं बोलणं मला नीट कळूनही मी त्यातून भलताच अर्थ काढला. बाबांना दिवा हवाय ना, मग तो मीच बनवीन! घरातल्या प्लास्टिकच्या बॅटरीचं तोंड करवतीने कापलं. ते बाबांच्या कारखान्यातल्या कॅपवर बसवलं. आईच्या परवानगीने लेंग्यातलं इलॅस्टिक काढून पट्टा केला. (परवानगी माझ्या लेंग्याची होती, बाबांचा तिने दिला नाही.) सेल साबणाच्या डबीत घालून झाकण लावलं, डबी शर्टाच्या खिशात आणि वायर पाठीवरून टोपीत. वजन खरोखर काहीच नव्हतं. पेठ्यांनी टोपी घालून बघितली, मान चार दिशांना फिरवली आणि "संकल्पना योग्य आहे," असा शेरा दिला. तपासणीला बरोबर येण्याचं त्यांनी स्वतःच ठरवलं.

तपासणीसाठी पवईचा तलाव बरा, असं पेठे म्हणत होते. आई म्हणाली, "थय मगरी आसत. मगरींक कपाळार दिवो लावन बोलवतलास?" मग आम्ही मुलुंड कॉलनीच्या मागे, डोंगरातून ओढा उतरतो तिथे जायचं ठरवलं. पाऊस ओसरत आला होता पण ओढ्याला पाणी होतं. दिवेलागणीला आम्ही तिघे पोचलो. आईने पिशवीत टॉवेल, थालीपिठं आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेली हातातली बॅटरी घातली होती. तिचा माझ्यावर तेवढाच विश्वास होता.

बाबांनी टोपी चढवली, मी त्यांच्या खिशातल्या डबीचं बटण दाबलं. झकास उजेड पडला. तो थेट पेठ्यांच्या डोळ्यांत पडला, कारण बाबांना समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय होती.

"पेठेसायब, दिसता काय?"

"तुम्ही माझ्याकडे बघू नका, म्हणजे दिसेल," पेठे डोळे मिटून म्हणाले.

बाबांनी अदबीने मान दुसरीकडे वळवली. तिकडे खडकावर एका छत्रीत दोघं बसली होती. पाऊस नव्हता. उजेड पडताच छत्री दोन वीत खाली आली.

"ओ काका, लाईट बंद करा ना यार," छत्री म्हणाली.

"माफी करा हां," बाबा म्हणाले, आणि माफी मागायची तर माणसाकडे बघूनच मागायला हवी म्हणून आणखी नीट बघू लागले.

"काका, तिकडे बघा ना प्लीज," छत्रीतून मुलीचा आवाज आला.

"तुमका बघूक नाय इलंय गो बाय, कुर्ल्येंक इलंय." खिशातलं बटण त्यांना सापडेना. मी शोधायला गेलो तर वायर ताणली जाऊन त्यांची मान वर झाली आणि डोंगरावरचं एक माकड उजळलं. छत्री उठून निघून गेली. जाताना मुलगा "कुर्ला तिकडे आहे," असं काहीतरी म्हणाला.

शेवटी बाबा पाण्यात उतरले. तोपर्यंत कॉलनीतल्या सगळ्या किड्यांना त्यांच्या कपाळाचा पत्ता लागला होता. पाखरं नाकावर आपटत होती, एक भुंगा कानात शिरायला बघत होता, आणि तोंड उघडायची सोय नसल्यामुळे बाबा नुसते हुंकार देत होते. भुरभुर सुरू झाली तर समोर थेंबांचा पांढरा पडदाच उभा राहिला. पाण्याकडे बघितलं की पाण्यातला दिवा उलट डोळ्यांत येई. दगड किती खोल आहे ते कळेना. इतक्या दिवसांत हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, मासिकातल्या गोऱ्याच्याही आलं नसावं. तो कुर्ल्या पकडत नव्हता.

बाबा आणखी वाकले. टोपी घसरून डोळ्यांवर आली, तिथून पाण्यात गेली, आणि तिच्यामागून वायरने ओढलेली साबणाची डबी. थोडा वेळ ओढ्याच्या पोटातून उजेड येत होता. मग तोही गेला.

"कॅपला हनुवटीखालून पट्टा हवा होता," काठावरून पेठे म्हणाले.

बाबा तसेच गुडघाभर पाण्यात उभे होते. हात दोन्ही मोकळे, आणि त्यांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आजवर इतका एकटा दिसणारा माणूस मी बघितला नाही. मी पिशवीतली बॅटरी घेतली, पँट दुमडली आणि पाण्यात उतरलो. बेडूक असणार हे मला ठाऊक होतं.

"धरू?" मी विचारलं.

बाबांनी बाह्या वर सारल्या. ते वाकले आणि एका दगडाला हात घातला. "माझ्या तोंडार नको. पाण्यार पण नको. खाली घे. बाजूसून. दगडाच्या पोटाक धर." मी बॅटरी खाली नेली. आडव्या उजेडात पाणी एकदम काचेसारखं झालं. दगडाखाली कुर्ली होती. बाबांचा हिरवा हात मागून सावकाश गेला आणि तिला वर घेऊन आला. पन्नाशीतून साठीला निघालेला तो माणूस क्षणात दहा वर्षांचा पोरगा झाला होता. "बघ, सुध्या, बघ," म्हणत त्यांनी कुर्ली माझ्या नाकासमोर आणली.

मी बघितलं, किंचाळलो आणि बॅटरी सोडून दिली.

अंधारात आधी पेठ्यांचा "काय झालं?" ऐकू आला, आणि मग बाबांचं हसणं. ते हसत हसत खडकावर बसले, कुर्ली पाण्यात सोडून दिली आणि डोळे पुसत राहिले. "भाईच्या पायावरसून एकदा सरप गेलो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "पण उजेड हललो नाय." मीही ओले बूट हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

परतताना पेठे पुढे चालत होते. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जूनात तुका रजा गावात काय रे?"

जूनमध्ये आमच्या ऑफिसात रजा मागणं म्हणजे साहेबांच्या रोषाला आमंत्रण. कारण विचारल्यावर मी खरं ते सांगितलं, वडिलांसाठी उजेड धरायचाय. साहेबांनी घाबरून सही केली. त्यांना वाटलं, आमच्या घराण्यातला काही विधी असावा.

आणि त्या जूनमध्ये, तिन्हीसांजेला, आम्ही दोघे गावच्या व्हाळात उभे होतो. पाणी लाल होतं, बेडकांचा नुसता गोंधळ चालला होता, आणि मी भीती वाटू नये म्हणून सारखा बोलत होतो. ऑफिसातलं, मुलुंडमधलं, जे सुचेल ते. काठावरून घरी जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने उजेड बघून हाक मारली, "कोण रे थय?"

"मी आसंय," बाबांनी दगडाखाली हात ठेवूनच सांगितलं. आवाजात असा थाट मी तोवर ऐकला नव्हता. "मुंबैसून इलंय. बॅटरी घेवन."

"कशी आसा बॅटरी?"

बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"उजेड बरो देता," ते म्हणाले. "पण बडबड बंद करूचा बटण खय आसा, ता अजून गावूक नाय."